खणाची अक्षरे आणि टी-शर्टांची वाकळ

अमेरिकेतील विद्यापीठांत मुलींच्या ज्या सोरॉरिटी, म्हणजे ग्रीक अक्षरांची नावे घेतलेली विद्यार्थिनींची मंडळे, असतात, त्यांची ओळख आपल्याकडे बहुतेकांना चित्रपटांतूनच झालेली असते आणि त्या चित्रपटांत पार्ट्यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. प्रत्यक्षात ही परंपरा बरीच जुनी आहे. जॉर्जिया राज्यातील मेकन येथील वेस्लियन कॉलेजात १८५१ मध्ये मुलींनी सुरू केलेले मंडळ पुढे अल्फा डेल्टा पाय या नावाने ओळखले जाऊ लागले. मुलींनी महाविद्यालयात शिकावे की नाही यावरच वाद चालू होता, त्या काळात, १८७० मध्ये, इंडियानातील ग्रीनकॅसल या लहानशा गावी कप्पा अल्फा थीटाची स्थापना झाली. वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी १९०८ मध्ये अल्फा कप्पा अल्फा उभी केली, तर १९९८ मध्ये टेक्सास विद्यापीठात दक्षिण आशियाई वंशाच्या मुलींनी कप्पा फाय गॅमा सुरू केली. परक्या ठिकाणी शिकायला आलेल्या मुलींनी एकमेकींना धरून राहावे, ही गरज या सगळ्यांच्या मुळाशी आहे.

मी सांगलीहून पदवीच्या शिक्षणासाठी इंडियानात गेले आणि दुसऱ्या वर्षी अशाच एका सोरॉरिटीत दाखल झाले. तापाने पडले असताना खोलीवर सूप घेऊन येणाऱ्या आणि परीक्षेच्या आदल्या रात्री सोबत जागणाऱ्या मैत्रिणी मला तिथे मिळाल्या. त्यामुळे त्यांना काही द्यायचे तर ते मनापासूनच द्यावे, असे मला वाटे. अडचण होती ती पैशांची. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच, आणि तेही आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, काम करता येते. इंडियानातील किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे आणि ग्रंथालयातील माझ्या कामाचा मोबदला त्याहून थोडासाच अधिक होता. त्यातून सोरॉरिटीची वर्गणी, पुस्तके आणि फोनचे बिल भागवल्यावर हातात मोजकीच रक्कम उरत असे.

भेटवस्तूंचे प्रसंग मात्र पाठोपाठ येतात. नव्याने दाखल झालेल्या प्रत्येक मुलीला, म्हणजे ‘लिटल’ला, एक मोठी बहीण, म्हणजे ‘बिग’, नेमून दिली जाते. ती कोण हे उघड होण्याआधीचे काही दिवस लिटलच्या दाराशी निनावी भेटी येत राहतात आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर बिग आपली ओळख देते. यातून रीतसर नातीगोती तयार होतात. बिगची बिग ही लिटलची जणू आजी असते, एकाच बिगच्या दोन लिटल असल्या तर त्या जुळ्या म्हणवल्या जातात, आणि प्रत्येक घराण्याचे एखादे चिन्हही ठरलेले असते. शिवाय वाढदिवस येतात आणि मे महिन्यात पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलींचा निरोप असतो. आमच्याकडे खर्चावर मर्यादा घातलेली होती आणि ती योग्यच होती, कारण या आठवड्यात वस्तूंचे ढीग मांडून त्यांची छायाचित्रे काढण्याची प्रथा आहे. ज्या मुलीच्या बिगकडे पैसे कमी असतात तिला ती छायाचित्रे पाहून विनाकारण संकोच वाटतो.

या मुली पुष्कळ वस्तू हाताने करतात. रंगवलेल्या कॅनव्हासच्या पाट्या, चित्रांनी मढवलेले बर्फाचे डबे, मण्यांची कंकणे, कागद चिकटवलेल्या लाकडी पेट्या असे बरेच काही असते. सोरॉरिटीतल्या पहिल्या वर्षी इतर जणींबरोबर बसून हे काम पाहताना मला खर्चाचे खरे गणित कळले. एक कॅनव्हास दोन-तीन डॉलरला मिळतो, पण त्यासाठी रंग घ्यावे लागतात, कुंचले घ्यावे लागतात, वर लावायला रोगण लागते. पुढच्या वस्तूसाठी वेगळा गोंद लागतो, त्यापुढच्या वस्तूसाठी मणी आणि तार लागते. शेवटी प्रत्येकीच्या कपाटात अर्धवट वापरलेल्या बाटल्यांची रांग उरते आणि तीच सर्वांत महाग पडते. हस्तकला स्वस्त पडायची असेल तर एकच काम निवडावे, त्याचे साहित्य एकदाच घ्यावे आणि वर्षभर सगळ्यांसाठी तेच करावे. वेगळेपण आणायचे ते त्या त्या मुलीकडे पाहून आणावे, असे माझे मत तेव्हा झाले आणि ते आजही कायम आहे. मी कापड आणि दोरा निवडला. शाळेत भरतकाम शिकले होते, आजीच्या मांडीवरची वाकळ पाहत वाढले होते आणि आमच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांना विनामूल्य वापरता येतील अशी शिलाई मशीन होती.

लाकडी वल्ह्यासारखी एक फळी, तिथे जिला पॅडल म्हणतात, ती रंगवून देण्याचीही प्रथा आहे आणि त्या फळ्या दिसायला फार सुंदर असतात. परंतु एके काळी नव्या सदस्यांना मारण्यासाठी अशाच फळ्या वापरल्या जात. तो इतिहास कळल्यावर ती वस्तू कुणाला प्रेमाने द्यावी, असे मला कधीच वाटले नाही.

कापडाची सोय घरूनच झाली. आपल्याकडे ओटीत आलेले आणि कधीच न शिवलेले खण प्रत्येक घरच्या कपाटात पडून असतात. आईने सुट्टीत माझ्या बॅगेत त्यांची एक गठडी घातली. कर्नाटकातील गुळेदगुड्डच्या बाजूचे ते खण होते. जांभळ्या, हिरव्या, डाळिंबी रंगांचे, अंगभर बारीक वीण असलेले आणि दोन्ही बाजूंना काठ असलेले. सोरॉरिटीतील सर्वांत मानाची वस्तू म्हणजे छातीवर संस्थेची ग्रीक अक्षरे शिवलेला स्वेटशर्ट. तो दुकानात करून घेतला तर पन्नास-साठ डॉलरपर्यंत जातो. साधा, बिनछापाचा स्वेटशर्ट मात्र सवलतीत दहा डॉलरच्या आत मिळतो. अक्षरे खणाची करायची, हे तिथेच ठरले.

हे काम कसे होते ते जरा सविस्तर सांगते, कारण त्याची गंमत बारकाव्यांत आहे. खण कापला की त्याच्या कडांचे धागे लगेच सुटू लागतात, म्हणून तो आधी कापायचाच नाही. एका बाजूला कागद आणि दुसऱ्या बाजूला उष्णतेने वितळणारा गोंद असलेले पातळ पान मिळते. हीट-एन-बाँड या नावाचे तेथील शिवणसाहित्याच्या दुकानांत असते. त्यातही दोन प्रकार आहेत आणि शिवायचे असेल तर ‘लाइट’ हाच घ्यावा लागतो, कारण ‘अल्ट्रा’चा जाड गोंद सुईला चिकटत राहतो. या पानाच्या कागदाच्या बाजूवर अक्षर काढायचे, पान खणाच्या उलट्या बाजूवर ठेवून वाफेशिवाय, मध्यम आचेवर, थोडेच सेकंद इस्त्री दाबायची आणि मग रेघेवरून कापायचे. गोंदाने धागे जागच्या जागी धरून ठेवलेले असतात, त्यामुळे कड स्वच्छ येते. अक्षर कागदावर उलटे, म्हणजे आरशात दिसते तसे, काढावे लागते. डेल्टा, थीटा, पाय, फाय, ओमेगा ही अक्षरे दोन्हीकडून सारखीच दिसतात, त्यामुळे त्यांना काही फरक पडत नाही. परंतु सिग्मा, गॅमा आणि कप्पा यांची तोंडे फिरतात. आमच्या अक्षरांत सिग्मा होता, म्हणून मी पुठ्ठ्याचा एक साचा कापून त्याच्या एका बाजूवर ठळक खूण केली आणि नेहमी तीच बाजू खाली ठेवून रेघ ओढत असे.

प्रत्येक अक्षर दोन थरांचे असते. खाली एकरंगी सुती कापडाचे अक्षर आणि त्यावर चहूबाजूंनी पाव इंचाने लहान असलेले खणाचे. या पाव इंचाच्या चौकटीमुळे अक्षर लांबूनही उठून दिसते. खणाची वीण बारीक असल्याने ही चौकट नसेल तर अक्षर शर्टात विरघळून जाते. स्वेटशर्ट आणि खालचे सुती कापड दोन्ही आधी धुऊन वाळवून घ्यायची, म्हणजे जे आटायचे ते आधीच आटते. खणाचा रंग जातो का हे पाहण्यासाठी त्याचा एक कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवायचा आणि रंग उतरत असेल तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत तो धुवायचा. डाळिंबी खणाला हे करावेच लागले.

मग मशीनवरची दाट झिगझॅग शिलाई. शर्टाचे कापड ताणले जाणारे असते, म्हणून त्याखाली नंतर फाडून काढता येणारा कागदी आधार लावायचा आणि गोल टोकाची सुई वापरायची. शिलाईची रुंदी साधारण तीन मिलिमीटर ठेवायची आणि टाके इतके जवळ घ्यायचे की मधून कापड दिसू नये, पण इतकेही नाहीत की दोरा एका जागी साचून राहावा. अक्षराच्या बाहेर आलेल्या कोपऱ्यावर पोचल्यावर सुई अक्षराच्या बाहेरच्या बाजूला रोवलेली असतानाच मशीनचा पाय उचलायचा, कापड वळवायचे आणि पुन्हा पाय खाली घ्यायचा. सुई आतल्या बाजूला असताना वळवले तर कोपऱ्यावर फट राहते. डेल्टाच्या टोकाकडे जाताना शिलाईची रुंदी हळूहळू कमी करत नेली तर टोक अणकुचीदार येते. ग्रंथालयातील मशीनची देखरेख करणाऱ्या बाईंनी मला हे सारे हाताला धरून शिकवले आणि नंतर माझ्या आईचा खण चष्मा लावून बराच वेळ निरखून पाहिला. हे कापड हातमागावरचे आहे, असे मी म्हणाले, तेव्हा त्यांनी विचारले की, मग तू ते कापतेस कशी. भेट म्हणून आलेले कापड पुढे भेट म्हणूनच जात आहे, असे मी त्यांना सांगितले, आणि मला ते मनापासून तसेच वाटत होते. ओटीतला खण एका बाईकडून दुसरीकडे जावा म्हणूनच असतो.

माझी लिटल ओहायोची होती, शेतकऱ्याच्या घरातली, शांत स्वभावाची. तिला हिरवा रंग आवडतो एवढे तिच्या खोलीवरून कळत होते. तिच्यासाठी हिरव्या खणाची अक्षरे मोहरीच्या फुलासारख्या पिवळ्या कापडावर बसवली आणि काठाचा जो पट्टा उरला तो शर्टाच्या आतल्या बाजूला, मानेपाशी, हाताने काजटाका घालून शिवला. तो कुणालाच दिसत नाही; फक्त घालणारीला ठाऊक असतो. आधीच्या दिवसांच्या लहान भेटीही त्याच कापडातून निघाल्या. नाड्यांचा बटवा झाला, वहीचे कव्हर झाले, पुस्तकात ठेवायची खूण झाली. एका पूर्ण खणात एवढे सारे सहज बसते. कव्हराला शिलाई जवळजवळ लागतच नाही, दुमडी इस्त्रीने घट्ट बसवून दोन्ही टोकांना टिपा मारल्या की झाले. ओळख उघड होण्याच्या दिवशी तिने शर्ट अंगात घातला, मानेपाशी हात नेला आणि आत काय शिवले आहे, असे विचारले. मी सांगितले, तर तिने तिथल्या तिथे कॉलर उलटून सगळ्यांना तो काठ दाखवला.

दुसरे मोठे काम पदवी घेऊन जाणाऱ्या मुलींसाठी. तिथे प्रत्येक कार्यक्रमाचा टी-शर्ट छापला जातो. निधीसंकलनाचा वेगळा, पालकांच्या आठवड्याचा वेगळा, नृत्यस्पर्धेचा वेगळा. चार वर्षांत प्रत्येकीकडे खोका भरून टी-शर्ट जमतात, आणि ते घालवतही नाहीत, टाकवतही नाहीत. त्यांची रजई शिवून देणारे व्यावसायिक आहेत, पण त्यासाठी काही शे डॉलर लागतात. माझ्या डोळ्यांसमोर लगेच वाकळ आली. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात ती तरी कशासाठी? माणसाने वापरलेले कापड त्याच माणसाच्या अंगावर ऊब म्हणून परत यावे, यासाठीच. फरक एवढाच की लुगडे ताणले जात नाही आणि टी-शर्टाचे होजिअरी कापड ताणले जाते. म्हणून प्रत्येक चित्राच्या मागे इस्त्रीने चिकटणारे पातळ अस्तर लावून, ते घट्ट झाल्यावरच, तेरा इंचांच्या पुठ्ठ्याच्या मापाने चौकोन कापायचे. दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच शिवणीत गेल्यावर बारा इंच उरतात. चार रांगांत चार चौकोन लावले की चार फूट लांब-रुंद, पाय झाकता येतील अशी वाकळ होते. इस्त्री करताना चित्रावर स्वयंपाकघरातला बेकिंगचा कागद ठेवावाच लागतो, कारण छपाईची शाई प्लॅस्टिकसारखी असते आणि गरम इस्त्रीला चिकटून वितळते.

वाकळीच्या पाठीला जुन्या वस्तूंच्या दुकानातील सुती चादर घेतली आणि आत कापसाऐवजी एक जुनी, पातळ फ्लीसची घोंगडी. हाताने शिवायचे असल्याने थर पातळ असणे गरजेचे होते. या टप्प्यावर मी आजीला व्हिडिओवर फोन लावला आणि तिन्ही थर जमिनीवर पसरून दाखवले. ती म्हणाली, “आधी सगळीकडनं कच्चं टाकं घाल गं बाळा, हात हात अंतरावर, आणि मग कडंनं आत ये. कच्चं टाकं नाही घातलंस तर मधी झोळ धरंल.” मग तिने कॅमेऱ्यासमोर स्वतःची वाकळ धरून धावदोऱ्याच्या एकात एक चौकटी कशा आत जातात ते दाखवले. आम्ही त्याच पद्धतीने शिवले, फक्त धावदोरा छापील चित्राच्या आरपार नेला नाही, कारण त्या शाईतून सुई जाता जात नाही आणि गेलीच तर भोक तसेच राहते. म्हणून दोरा प्रत्येक चित्राच्या कडेकडेने फिरवला. दोरा जाडसर, भरतकामाचा पर्ल कॉटन घेतला, पिवळा, म्हणजे टाके दिसावेत. मशीनची शिवण लपावी लागते. हाताचा धावदोरा दिसला तरच शोभतो.

हे एकटीचे काम नाही. वाकळ जेवणाच्या मोठ्या टेबलावर पसरून ठेवलेली असे आणि ज्या मुलीला वेळ असेल ती येऊन एका बाजूने टाके घालत बसे. काहींचे टाके गव्हाएवढे, काहींचे बोटभर. आखूड-लांब टाक्यांवरून कुठला भाग कुणी शिवला आहे हे नंतर ओळखता येत होते आणि जिला ती वाकळ मिळाली तिने सर्वांत आधी तेच केले. एकेका बाजूवर बोट ठेवून नावे ओळखत गेली. शिवताना होणाऱ्या गप्पाही वेगळ्या असत. हात गुंतलेले असले की माणूस सावकाश आणि खरे बोलतो. घरची आजारपणे, पुढची भीती, मोडलेली मैत्री, हे सारे त्या टेबलाभोवती बोलले गेले. टी-शर्ट तिचेच होते. चादर, घोंगडी, अस्तर आणि दोरा मिळून खर्च वीस डॉलरच्या आसपास आला आणि तो आम्ही वाटून घेतला, तेव्हा प्रत्येकीच्या वाट्याला कॉफीच्या एका पेल्याइतकाही आला नाही. वेळ मात्र भरपूर लागला. मार्चमध्ये सुरुवात केली तर मे महिन्याच्या निरोपाला वाकळ पुरी होते. एप्रिलमध्ये हात घातला तर परीक्षांशी गाठ पडते. हे ज्यांना करायचे असेल त्यांनी टी-शर्ट हिवाळ्याच्या सुट्टीआधीच मागून घ्यावेत.

भेटीबरोबर एक लहान चिठ्ठी द्यावी, कारण तिथे सगळे कपडे मशीनमध्ये धुऊन गरम ड्रायरमध्ये टाकण्याची सवय असते आणि खणाला ते सोसत नाही. स्वेटशर्ट उलटा करून, थंड पाण्यात, हळुवार फेरीवर धुवावा आणि सावलीत वाळवावा, एवढे त्यात लिहिले की पुरे.

दुसऱ्या सोरॉरिटीतील काही मुलींनी ती अक्षरे पाहून मला पैसे देऊन शर्ट शिवून देशील का, असे विचारले. मी नको म्हणाले. या संस्थांची नावे, अक्षरे आणि चिन्हे त्यांच्या मालकीची असतात आणि ती वापरून वस्तू विकायच्या तर परवाना लागतो. मैत्रिणीला स्वतःच्या हाताने करून देणे आणि धंदा करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यार्थी व्हिसावर असे काम करून पैसे घेणेही मला चालण्यासारखे नव्हते. त्याऐवजी एका रविवारी दुपारी त्यांना ग्रंथालयात बोलावले, पुठ्ठ्याचे साचे कसे कापायचे आणि कोपऱ्यावर सुई कुठे रोवायची ते दाखवले. उरलेल्या खणांचे तुकडे टेबलावर मांडून ठेवले आणि प्रत्येकीने आपापल्या लिटलचा रंग निवडून घेतला. जांभळा सगळ्यांत आधी संपला, म्हणून आईला पुढच्या खेपेला जांभळे खण जास्त पाठवायला सांगितले आहे.